नळातली खळबळ लेझरने कशी मोजतात?

आजचा विषय एका चुकीपासून सुरू करतो. चूक माझीच आहे, त्यामुळे सांगायला संकोच नाही.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. राजस्थानच्या सपाट भागात सरावासाठी आमचा तळ पडला होता. टाकीपासून तळापर्यंत पाण्याची तात्पुरती लाइन टाकायचं काम माझ्याकडे होतं. लाइन टाकली, पाणी आलं, पण पुरेना. मी तरुण अधिकारी. मनातल्या मनात हिशेब केला की दाब दुप्पट केला तर पाणीही दुप्पट येईल. पहिल्या पंपाच्या मागे दुसरा पंप जोडायचा हुकूम दिला. आमचे सुभेदार साहेब साताऱ्याकडचे, वयाने माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे. ते म्हणाले, "साहेब, पंप राहू द्या. त्यापेक्षा शेजारनं दुसरी लाइन टाकू." मी ऐकलं नाही. पंप जोडला, गेजवर दाब दुप्पट झाला, आणि पाणी आलं दीडपट. डिझेल मात्र पुरेपूर जळत राहिलं.

मग दुसरी लाइन टाकली. सुभेदार साहेब एक शब्दही बोलले नाहीत. पण माझ्या डोक्यात प्रश्न राहिला. दाब दुप्पट आणि पाणी दीडपट, तर उरलेला जोर गेला कुठे? पाइप फुटला नव्हता, गळतीही नव्हती.

त्याचं उत्तर पाइपाच्या आत आहे. पाणी आत कसं वाहतं, हे बाहेरून दिसत नाही. आत काही खुपसावं तर खुपसल्यामुळेच वाहणं बदलतं. हात न लावता आतलं मोजायचं कसं, हा प्रश्न शास्त्रज्ञांना बरीच वर्षं सतावत होता. तो बऱ्याच अंशी सुटला लेझरमुळे. आज तेच समजून घेऊ.

संचलन आणि बाजार

पाणी पाइपातून दोन तऱ्हांनी वाहतं. पहिली तऱ्हा संचलनाची. प्रत्येक ओळ आपल्या रेषेत, शेजारची ओळ थोडी पुढे किंवा मागे, पण कोणी कोणाच्या रांगेत घुसत नाही. याला स्तरीय प्रवाह म्हणतात. दुसरी तऱ्हा आठवडी बाजाराची. गर्दी एकूण पुढेच सरकते आहे, पण त्यात कोणी आडवा जातो, कोणी मागे वळतो, कोणी धक्का देतो. हा टर्ब्युलंट प्रवाह. मी त्याला खळबळता प्रवाह म्हणेन.

या दोन तऱ्हांमधला फरक १८८३ मध्ये मँचेस्टरच्या ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स यांनी डोळ्यांना दाखवला. पाण्याच्या मोठ्या टाकीत काचेची आडवी नळी, तिचं तोंड सनईसारखं पसरट, आणि त्या तोंडाशी रंगीत पाण्याची बारीक धार. पाणी हळू सोडलं तेव्हा रंगाची धार दोऱ्यासारखी सरळ शेवटपर्यंत गेली. वेग वाढवत नेला तशी एका क्षणी ती विस्कटली आणि सगळ्या नळीभर रंग पसरला. मग रेनॉल्ड्स यांनी विजेच्या ठिणगीच्या क्षणिक प्रकाशात पाहिलं, तर त्या पसरलेल्या रंगात वळणं आणि भोवरे स्पष्ट दिसले. साध्या डोळ्याला ती नुसती गढूळ झाक वाटत होती. ही ठिणगी लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत येणार आहोत.

कोणता प्रवाह कधी होणार हे एका आकड्यावर ठरतं. वेग आणि व्यास यांचा गुणाकार करायचा, त्याला द्रवाच्या घनतेने गुणायचं आणि चिकटपणाने भागायचं. याला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. पाइपात तो साधारण २००० च्या खाली असेल तर शिस्त टिकते. वर गेला की बिघडायला लागते. अगदी जपून, धक्का न लागू देता पाणी सोडलं तर शिस्त बरीच पुढेपर्यंत टिकवता येते. खुद्द रेनॉल्ड्स यांनी १२,००० च्या वरपर्यंत टिकवली होती. पण रोजच्या व्यवहारात इतकं जपतो कोण?

आता घरचा हिशेब करा. १ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत पाणी सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने गेलं की रेनॉल्ड्स अंक २००० होतो. म्हणजे निवांत चालीहूनही कमी वेगाने. घरातला नळ जरा मोकळा सोडला की आपण बाजारात पोचलोच. शहराची पाणीलाइन, तेलाची पाइपलाइन, अग्निशामकाचा होज, सगळीकडे खळबळच आहे.

खळबळीची किंमत

एक उदाहरण शेवटपर्यंत हाताशी ठेवू. ५ सेंटिमीटर व्यासाचा गुळगुळीत पाइप, साधारण २० अंश सेल्सिअसचं पाणी, सरासरी वेग सेकंदाला १ मीटर. रेनॉल्ड्स अंक ५०,००० येतो. या पाइपात दर मीटरला दाब सुमारे २१० पास्कल इतका खाली येतो. हेच पाणी, त्याच वेगाने, संचलनाच्या शिस्तीत गेलं असतं तर दाब खाली आला असता फक्त १३ पास्कल. म्हणजे खळबळीमुळे आपण सुमारे सोळापट किंमत मोजतो. वीज असो की डिझेल, ती किंमत पंप भरतो. बदल्यात काय मिळतं? भोवरे फिरतात, मोठ्यातून लहान होतात, लहानातून आणखी लहान, आणि शेवटी पाणी किंचित तापतं. बस, एवढंच.

माझ्या दीडपटीचं गणितही इथेच आहे. शिस्तीच्या प्रवाहात दाब दुप्पट केला की पाणी दुप्पट येतं. खळबळीत मात्र पाणी वाढवायला गेलं की खळबळही वाढते. दाब दुप्पट केला तरी पाणी जेमतेम दीडपट होतं. मी संचलनाचा नियम बाजाराला लावला होता.

सरासरी पुरत नाही

रेनॉल्ड्स यांनी १८९५ मध्ये एक साधी पण फार उपयोगी गोष्ट सुचवली. एखाद्या बिंदूवरच्या वेगाचे दोन भाग करा. एक सरासरी, आणि दुसरा त्या सरासरीच्या वरखाली होणारा चढउतार. सरासरी सांगते की पाणी किती जातंय. जास्तीची किंमत का पडते, हे सांगतात चढउतार.

ते कसं? पाइपाच्या मधलं पाणी वेगवान, भिंतीजवळचं संथ. खळबळीत मधल्या वेगवान पाण्याचा एखादा लोट भिंतीकडे घुसतो आणि भिंतीजवळचा संथ लोट मध्ये येतो. ही देवाणघेवाण सतत चालू असते. वेगवान लोट भिंतीजवळच्या पाण्याला ओढतो, संथ लोट मधल्या पाण्याला मागे खेचतो. परिणाम असा, की भिंतीवरचं घर्षण वाढतं. म्हणून दोन चढउतार एकाच वेळी मोजायला हवेत: पाइपाच्या दिशेतला आणि भिंतीकडे जाणारा. दोन्ही एकमेकांशी किती जुळून होतात, त्यावर किंमत ठरते. या जुळणीतून निघणाऱ्या ताणाला रेनॉल्ड्स ताण म्हणतात.

सांगणं सोपं, मोजणं कठीण. पिटो नळीने सरासरी वेग मिळतो, पण इतके झटपट चढउतार तिला पकडता येत नाहीत. विसाव्या शतकात हॉट-वायर आली. केसाहून कितीतरी बारीक तार विजेने तापवून प्रवाहात धरायची. हवा जोरात आली की तार जास्त निवते, त्यावरून वेग कळतो. जॉन लाउफर यांनी अमेरिकेत हवेच्या पाइपात याच तारेने केलेली मोजमापं १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातला एक प्रयोग नेमका आपल्या उदाहरणाच्याच रेनॉल्ड्स अंकावर, ५०,००० वर, होता.

आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सतीश धवन आणि रोद्दम नरसिंह यांनी १९५८ मध्ये याच्या शेजारचा प्रश्न मांडला. त्यांचं काम पाइपावर नव्हतं, सपाट पृष्ठावरच्या प्रवाहावर होतं. शिस्तीतून खळबळीकडे जाताना प्रवाह अर्धवट खळबळता नसतो. एका जागी काही वेळ पूर्ण शिस्त असते, काही वेळ पूर्ण खळबळ. किती वेळ कोणती, हे प्रमाण धरलं की गणित बसतं. सरासरी किती फसवी असते याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. हेच धवन पुढे इस्रोचे अध्यक्ष झाले.

हॉट-वायरने खूप शिकवलं, पण तिच्या मर्यादा होत्या. ती प्रवाहात खुपसावी लागते. तिचं अंशांकन पुन्हा पुन्हा करावं लागतं. पाण्यात तिच्यावर घाण बसते. भिंतीच्या अगदी जवळ भिंतच तिची उष्णता ओढते आणि आकडा चुकतो. शिवाय पाणी पुढे जातंय की मागे, हे साध्या एका तारेला कळत नाही.

लेझर काय करतो

१९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ये आणि कमिन्स यांनी पाण्यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म गोळे मिसळले, त्यावर हीलियम-निऑन लेझरचा झोत टाकला आणि गोळ्यांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून पाण्याचा वेग काढला. लेझरला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती.

तत्त्व जुनंच, डॉप्लरचं. जवळ येणाऱ्या इंजिनाची शिट्टी चढी लागते आणि लांब जाताना उतरते. तोफखान्यात गोळा नळीतून सुटतानाचा वेग डॉप्लर रडारने मोजतात, तेही हेच. इथे रडारऐवजी प्रकाश आणि गोळ्याऐवजी पाण्यातला कण.

अडचण एकच. लाल लेझरच्या प्रकाशाची कंपनं सेकंदाला सुमारे ४७४ लाख कोटी. सेकंदाला १ मीटर वेगाच्या कणामुळे त्यात पडणारा फरक अब्जात काही भाग इतकाच. तो सरळ मोजता येत नाही. मग काय करायचं? दोन तानपुरे जुळवताना काय होतं ते आठवा. दोन तारा जवळजवळ जुळल्या, पण पूर्ण जुळल्या नाहीत, तर सुरात सावकाश हेलकावे ऐकू येतात. हेलकाव्याचा वेग म्हणजे दोन सुरांतला फरक. प्रकाशाचंही तसंच. दोन प्रकाश एकमेकांत मिसळले की त्यांच्यातला फरक हेलकाव्याच्या रूपाने मिळतो, आणि तो इलेक्ट्रॉनिक्सला सहज मोजता येतो.

पुढे जी रचना रूढ झाली, ती समजायला आणखी सोपी आहे. एका लेझरचे दोन झोत करायचे आणि ते पाइपाच्या आत एका बिंदूवर एकमेकांना छेदतील असे वळवायचे. जिथे ते छेदतात तिथे उजेड आणि अंधार यांचे बारीक पट्टे तयार होतात. एखादा कण त्या पट्ट्यांतून गेला की तो लुकलुकतो: उजेडात चमकतो, अंधारात विझतो. जुन्या रेल्वेत बसून रुळांच्या सांध्यांवरचे ठोके मोजले आहेत ना? दोन सांध्यांतलं अंतर ठाऊक असलं की ठोक्यांवरून गाडीचा वेग कळायचा. इथे पट्टे म्हणजे सांधे आणि लुकलुक म्हणजे ठोका.

आकडे पाहू. लाल लेझरची तरंगलांबी ०.६३३ मायक्रॉन. दोन झोतांमध्ये १० अंशांचा कोन ठेवला तर दोन पट्ट्यांतलं अंतर सुमारे ३.६ मायक्रॉन येतं. सेकंदाला १ मीटर वेगाचा कण सेकंदाला पावणेतीन लाख वेळा या हिशेबाने लुकलुकतो. पट्ट्यांचं अंतर फक्त तरंगलांबी आणि कोन यांवर ठरतं. तरंगलांबी पक्की असते, कोन एकदा नीट मोजायचा. तारेसारखं रोज अंशांकन नाही, आणि पाइपात काहीही खुपसायचं नाही.

दिशेचं काय? स्थिर पट्ट्यांतून कण उजवीकडे जावो की डावीकडे, लुकलुक सारखीच. म्हणून एका झोताची वारंवारता मुद्दाम थोडी सरकवतात, बहुधा सेकंदाला ४ कोटी कंपनांनी. त्यामुळे पट्टे स्वतःच सरकू लागतात, मॉलमधल्या सरकत्या जिन्यासारखे. जिन्याच्या दिशेने चालणारा आणि उलट चालणारा आता वेगळे ओळखू येतात. आणि एका रंगाच्या जोडीने पाइपाच्या दिशेचा वेग, दुसऱ्या रंगाच्या जोडीने भिंतीकडचा वेग, असे दोन्ही चढउतार एकाच कणावर एकाच वेळी मिळतात. रेनॉल्ड्स ताणासाठी हेच तर हवं होतं.

उपकरणही फसवतं

आता कोणी म्हणेल, प्रश्न सुटला. पण उपकरण कितीही चांगलं असलं तरी ते काय मोजतं आणि काय नाही हे आधी तपासावं. फौजेत ही सवय लागतेच.

पहिली गोष्ट, लेझर पाण्याचा वेग मोजत नाही, पाण्यातल्या कणाचा मोजतो. कण जड असेल तर तो वळणावर पाण्याला सोडून सरळ जाईल. म्हणून कण काही मायक्रॉनचे आणि पाण्याइतक्याच घनतेचे घेतात.

दुसरी गोष्ट पाइपाची. पेल्यातल्या पाण्यात चमचा मोडल्यासारखा दिसतो, तसे गोल पाइपात शिरताना झोत वाकतात आणि भलत्याच ठिकाणी छेदतात. उपाय साधा आहे. पारदर्शक पाइपाभोवती सपाट काचांची चौकोनी पेटी बसवायची आणि तीत पाणी भरायचं. बाहेरची गोलाई बरीचशी नाहीशी होते. उरलेली चूक गणिताने काढतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात मजेची. कण पाण्यात सगळीकडे सारखे पसरलेत असं धरा. पाणी एक सेकंद १.२ मीटर वेगाने गेलं आणि एक सेकंद ०.८ ने. खरी सरासरी १. पण वेगवान सेकंदात समजा १२ कण पट्ट्यांतून जातील, संथ सेकंदात ८ च. वीस कणांची सरासरी काढा, १.०४ येते. नाक्यावर उभं राहून गाड्या मोजल्या तर वेगवान गाड्या जास्त मोजल्या जातात, तसंच. ही ४ टक्क्यांची चूक उपकरणाच्या बिघाडाची नाही, मोजण्याच्या पद्धतीतच बसलेली आहे. १९७३ मध्ये मॅक्लॉफ्लिन आणि टीडरमन यांनी ती दाखवून दिली. दुरुस्ती अशी की प्रत्येक कणाला त्याने पट्ट्यांत जितका वेळ काढला तितकं वजन द्यायचं. वर केलेल्या हिशेबात असं वजन दिलं की उत्तर बरोबर १ येतं.

आणि शेवटी एक पक्की उलटतपासणी. पाइपातला एकूण ताण मध्यभागी शून्य असतो आणि भिंतीपर्यंत सरळ रेषेत वाढत जातो. भिंतीवरचा ताण नुसत्या दाबाच्या गेजवरून काढता येतो. आपल्या उदाहरणात तो २.६ पास्कल. मग मध्य आणि भिंत यांच्या बरोबर अर्ध्यावर तो १.३ असायलाच हवा. भिंतीपासून जरा दूर हा जवळजवळ सगळा ताण रेनॉल्ड्स ताणच असतो. लेझरने काढलेला आकडा या रेषेवर बसला तर मोजमाप खरं. नाही बसला तर आधी आपलं काही चुकलंय. दोन वेगळ्या ठाण्यांवरून एकच लक्ष्य पाहून खात्री करतात, तसं हे आहे.

आत काय दिसलं

खळबळ पाइपाच्या मध्यभागी सर्वात जोरात असेल असं वाटतं ना? तसं नाही. मध्यभागी चढउतार सरासरीच्या काही टक्केच असतात. ते सर्वात मोठे होतात भिंतीजवळ. आपल्या ५ सेंटिमीटरच्या पाइपात ती जागा भिंतीपासून फक्त ०.३ मिलिमीटरवर येते. त्याहून जवळ, शेवटच्या ०.१ मिलिमीटरच्या थरात, चिकटपणाचं राज्य असतं. म्हणजे पंपाचा सगळा खर्च ज्या व्यवहारातून उभा राहतो, त्याचा मुख्य अड्डा नखाच्या जाडीएवढ्या पट्टीत आहे. लेझरचे दोन झोत जिथे छेदतात तो ठिपकाही साधारण ०.१ मिलिमीटर रुंदीचा असतो. म्हणून भिंतीजवळचं मोजमाप आजही कसोटीचं काम आहे, आणि ठिपका आणखी लहान करण्याची धडपड चालूच असते.

एका बिंदूवर मोजून चित्र पुरं होत नाही. १९८० च्या दशकात दुसरी पद्धत पुढे आली. लेझरचा झोत पसरवून प्रकाशाचा पातळ पडदा करायचा, तो पाइपातून आडवा घालायचा आणि अगदी थोड्या अंतराने दोन फोटो काढायचे. दोन फोटोंत कण किती सरकले यावरून त्या पडद्यातल्या सगळ्या जागांचे वेग एकदम मिळतात. आता रेनॉल्ड्स यांची ती ठिणगी आठवा. क्षणभराच्या उजेडात भोवरे गोठवून पाहायचे, हीच कल्पना. फरक इतकाच की त्यांना भोवरे दिसले, आपल्याला त्यांचे वेगही मोजता येतात. २००४ मध्ये डेल्फ्टच्या प्रयोगशाळेत याच पद्धतीने पाइपाच्या छेदात वेगवान आणि संथ पट्ट्यांची रचना टिपली गेली. बाजाराच्या गर्दीतही काही वाटा ठरलेल्या असतात, तसं काहीसं.

उपयोग काय

खर्च कुठे होतो हे कळलं की तो कमी करायचा विचार करता येतो. १९४८ मध्ये टॉम्स यांनी दाखवलं होतं की द्रवात लांब साखळीचं पॉलिमर अगदी थोडं मिसळलं तर घर्षण खूप घटतं. १९७९ पासून अलास्काच्या तेलवाहिनीत ही युक्ती वापरली गेली. ते का होतं, हे लेझरने दाखवलं. पॉलिमर भिंतीकडे जाणारे चढउतार दाबतं आणि ती देवाणघेवाण मंदावते. २०१८ मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी तर पाइपातल्या वेगाची मांडणी मुद्दाम सपाट करून खळबळ पूर्ण विझवून दाखवली. घर्षण ९० टक्क्यांपर्यंत घटलं. हे प्रयोगशाळेतलं आहे, उद्या सकाळी आपल्या पाणीलाइनीत येणार नाही. पण खळबळ सुरू झाली की ती थांबतच नाही, हा समज त्याने मोडला.

आता माझ्या लाइनीकडे परत येतो. दुसरी लाइन टाकली असती तर पहिल्या पाइपातला वेग वाढलाच नसता, खळबळीची किंमतही वाढली नसती, आणि पाणी सरळ दुप्पट मिळालं असतं. किंवा त्याच दाबावर दीडपट व्यासाचा पाइप टाकला असता तरी पाणी सुमारे तिप्पट आलं असतं. सुभेदार साहेबांना रेनॉल्ड्स अंक माहीत नव्हता. पण त्यांनी आयुष्यभर लाइनी टाकल्या होत्या आणि शेवटाला किती पाणी येतं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांचं मोजमाप माझ्या गणितापेक्षा खरं निघालं.

तुमच्या सोसायटीत, शेतात किंवा कारखान्यात पाणी कमी पडतं म्हणून कोणी मोठा पंप सुचवला, तर एकदा पाइपाच्या व्यासाकडे बघा. पंपाचं बिल दर महिन्याला येतं, पाइप एकदाच घ्यावा लागतो.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.